वजन वाटणाऱ्या हिचसोबत आठ महिने : ट्रेलरचं डोलणं नेमकं कशानं थांबलं

थेट उत्तर हवं असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो. हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा, चांगली आहे, ट्रेलर कमी डोलतो, घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण माझ्या ट्रेलरचं डोलणं थांबलं त्याचं निम्मं श्रेयसुद्धा मी तिला देणार नाही. उलट पहिले चार महिने तिनं माझीच एक मोठी चूक छान झाकून ठेवली होती. ती कशी उघडी पडली हे सांगायलाच एवढं लांबलचक लिहितोय.

आधी आमचा सरंजाम. ट्रेलर आत पलंग, पाण्याची टाकी असलेला, दोन ॲक्सलचा, कपलरपासून (गाडीला जोडायच्या तोंडापासून) मागच्या बंपरपर्यंत ७.३ मीटर. ओढायला मध्यम आकाराची एसयूव्ही, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.९५ मीटर. मागच्या ॲक्सलपासून हिचच्या बॉलपर्यंतचं, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या गोळ्यापर्यंतचं, अंतर १.३५ मीटर. हे शेवटचं माप गाडी घेताना मी पाहिलंही नव्हतं, आणि कुणी पाहत असेल असं वाटत नाही. पण ट्रेलर आडवा रेटा देतो तो याच दांड्याच्या टोकावर. हा दांडा जितका लांब आणि व्हीलबेस जितका आखूड, तितकी गाडीची मागची बाजू ट्रेलरच्या तालावर नाचते.

साधा बॉल लावून आम्ही तिसऱ्यांदा निघालो होतो तेव्हाची गोष्ट. लांबच लांब उतार, वेग ९५ च्या आसपास. मागून एक बंद पेटीचा मोठा ट्रक ओव्हरटेक करायला आला. त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा आधी आमच्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला बाहेर ढकलून गेली आणि ट्रक पुढे सरकला तशी तीच शेपूट त्याच्याकडे ओढली गेली. एवढं नेहमीचंच असतं. नेहमीचं नव्हतं ते पुढचं. ट्रक निघून गेला तरी हेलकावा विझेना. डाव्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसला, मग उजव्या आरशात, मग पुन्हा डाव्या, आणि दर खेपेला आधीपेक्षा जरा जास्त. लेक मागच्या सीटवर पेंगत होती, ती जागी होऊन म्हणाली, ‘‘बाबा, बोटीत बसल्यासारखं होतंय.’’ मी घाबरून ब्रेक दाबला, म्हणजे नेमकं जे करायचं नसतं तेच केलं. गाडी मंदावली, ट्रेलर मागून रेटत राहिला आणि झोका आणखी मोठा झाला. नशिबानं तिथेच उतार संपला. चढावर वेग आपोआप उतरला आणि सगळं शांत झालं. पुढचा तासभर बायको एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात याचा अर्थ मी सांगायला नको.

घरी परतल्यावर आठवड्याभरात ही हिच घेतली. दोन स्प्रिंग बार आणि घर्षणाची सोय अंगातच असलेली. इथे एक घोळ आधी निस्तरतो, कारण मीही त्यात अडकलो होतो. वजन वाटणं आणि डोलणं आवरणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. ट्रेलर बॉलवर टेकला की गाडीचं मागचं टोक बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. स्प्रिंग बार तरफेसारखे ताणले की मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो, स्टिअरिंगला पुन्हा पकड येते. हे झालं वजन वाटणं. बार ज्या ब्रॅकेटवर टेकतात तिथे धातूवर धातू घासतो, ट्रेलर वळायला लागला की ते घासणं त्याला धरून ठेवतं. हे दुसरं काम. पहिलं काम करणारी पण दुसरं अजिबात न करणारी हिचही मिळते. तिला वेगळा घर्षणाचा दांडा जोडावा लागतो.

बसवायला अख्खा दिवस गेला. हिचचं डोकं किती अंशांत कलतं ठेवायचं ते वॉशर कमीजास्त करून ठरतं, ब्रॅकेटची उंची भोकं बदलून. बॉलची नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळायची तर घरातला पाना पुरत नाही, लांब दांड्याचा टॉर्क पाना मागून आणावा लागला. मग पुढच्या चाकावरच्या फेंडरची जमिनीपासून उंची मोजायची: एकदा नुसत्या गाडीची, एकदा ट्रेलर टेकवून बार न लावता, एकदा बार लावून. पुढचं टोक जितकं उचललं गेलं त्यातलं किती परत खाली आणायचं, हे गाडीच्या पुस्तकात असतं. बऱ्याच गाड्यांना साधारण निम्मं चालतं. मी काय केलं? निम्म्यानं फायदा होतो तर पुऱ्यानं दुप्पट होईल, असा हिशेब करून ब्रॅकेट एक भोक वर घेतले. पुढचं टोक मूळ उंचीच्याही खाली आलं. बघायला गाडी एकदम ऐटीत उभी. हे शहाणपण पुढे नडलं.

पहिले तीन महिने मात्र मी या हिचवर बेहद्द खूश होतो. भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. ट्रक शेजारून गेला की एक हलका धक्का, बस्स. आडव्या वाऱ्यात स्टिअरिंगवर दोन बोटं पुरायची. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. म्हणूनच महिन्याभराच्या वापरावर लिहिलेल्या कौतुकावर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही.

चौथ्या महिन्यात पाऊस, उतार आणि डावीकडून झोडपणारा वारा हे तिघं एकदमच भेटले. वेग शंभरच्या जवळ, चूक माझीच. कुठलाही ट्रक शेजारी नव्हता. डोंगराच्या आडोशातून गाडी उघड्यावर आली, वाऱ्याचा पहिला सपकारा बसला आणि ट्रेलरनं शेपूट हलवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायला लागला, गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेनं इंजिनची ताकद कमी केली आणि एकेका चाकाला चिमटे काढल्यासारखे ब्रेक लावले. या वेळी मी एक शहाणपणा केला. पायाचा ब्रेक सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची हातानं दाबायची पट्टी दाबली. या पट्टीनं गाडीचे ब्रेक लागत नाहीत, फक्त ट्रेलरचे लागतात. मागून कुणीतरी दोर खेचून ताठ करावा तसा ट्रेलर सरळ झाला. दोन सेकंदही लागले नसतील.

ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकानं ही पट्टी कुठे आहे हे अंधारात हात घालून सापडेपर्यंत घोकावं. मोकळ्या जागेत, ताशी तीस-चाळीसच्या वेगात आठदहा वेळा दाबून बघावी. वेळ आल्यावर डोकं चालत नाही, हातच चालतात.

त्या रात्री मेहुण्याला फोन लावला. तो वर्षानुवर्षं मालवाहू गाड्या चालवतो. मी हिचची कंपनी, मॉडेल, बारचं रेटिंग असं सगळं सांगत बसलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दाजी, काटा केलात का?’’ नव्हता केला. ट्रेलरच्या माहितीपत्रकात टंग वेट, म्हणजे ट्रेलरचा बॉलवर पडणारा भार, छापलेलं असतं, तेच मी खरं धरून चाललो होतो. ते आकडे कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या ट्रेलरचे. आमचा ट्रेलर रिकामा कधीच नसतो.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन घ्यायचं असतं. आम्ही तिघं बसलेली नुसती गाडी: पुढे १,२५० किलो, मागे १,३००. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे १,१६०, मागे १,५८०, ट्रेलरच्या चाकांवर २,२९०. गाडीवर वाढलेला भार १९० किलो, म्हणजे हेच टंग वेट. ट्रेलरचं एकूण वजन २,४८०. भागाकार केला तर आठ टक्केसुद्धा नाही. अशा ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा असं धरतात. युरोपात कॅराव्हॅनवाले ५ ते ७ टक्क्यांवर चालवतात खरे, पण त्यांच्या ट्रेलरची बांधणी आणि ओढण्याची वेगमर्यादा दोन्ही वेगळी. तो आकडा इथे आणून स्वतःची समजूत काढण्यात अर्थ नव्हता.

बैलगाडीच्या काळापासून यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: उलाळ. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते. माझा ट्रेलर अर्धवट उलाळ होता. बॉलला जखडलेला असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नव्हतं एवढंच.

आणि त्यावर मी बार गरजेपेक्षा जास्त ताणलेले. म्हणजे आधीच बॉलवर भार कमी, त्यात बारनी मागच्या ॲक्सलवरचा आणखी उचललेला. मागची चाकं हलकी झाली की आडव्या रेट्याला तोंड द्यायला त्यांच्याकडे पकडच राहत नाही. ऐटीत उभी दिसणारी गाडी नेमकी त्याच कारणानं जास्त नाजूक झाली होती.

मागे ओझं असलं की काय होतं हे दाखवणारा एक साधा प्रयोग आहे. फिरत्या पट्ट्यावर छोटी गाडी आणि तिला जोडलेला छोटा ट्रेलर ठेवायचा, त्यावर सरकवता येणारी वजनं. वजन पुढे असताना ट्रेलरला बोटानं टिचकी मारली तर दोन झोके घेऊन तो गप्प होतो. तीच वजनं मागे सरकवली की एका टिचकीवर झोका वाढत वाढत जातो आणि सगळं उलटंपालटं होतं. वेगाचंही तसंच. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली झोका आपोआप विझतो, वर गेलात की वाढत जातो. आपण सामान कसं भरतो त्यावर तो वेग खाली येतो किंवा वर जातो. माझा तो माझ्या रोजच्या वेगाच्या फारच जवळ येऊन बसला होता.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात वजनं सरकवता येतील असा ट्रेलर बनवून याच्या चाचण्या झाल्या आहेत. नुसतं एकूण वजन वाढल्यानं फार बिघडत नाही, ते कुठे ठेवलंय यानं बिघडतं, असं त्यातून दिसलं. आणि माझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, घर्षणानं डोलणं आवरणारी साधनं कमी वेगात चांगली चालतात, जास्त वेगात त्यांचा उपयोग घटतो. हे वाचल्यावर माझे तीन महिन्यांचे पाच तारे कुठून आले ते कळलं. नव्वदच्या आत माझी हिच खरोखर उत्तम काम करत होती. शंभरला तिची ताकद पुरली नाही, त्यात ब्रॅकेट पावसानं ओले.

मग सामानाची झडती घेतली. पहिला चोर मागच्या बंपरवरचा सायकल स्टँड. स्टँड आणि दोन सायकली मिळून ४५ किलो, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हे ४५ किलो ॲक्सलपासून सव्वातीन मीटर मागे लटकत होते. तिथे लटकून ते बॉलवरचा तीसेक किलो भार उचलत होते, शिवाय अगदी टोकाला असल्यामुळे एकदा सुरू झालेला झोका थांबवायलाही जड. दारात हात देऊन बघा: बिजागरीजवळ ढकललेलं दार आणि टोकाला जड कुलूप लटकवलेलं दार एकसारखं थांबत नाही. स्टँड आता घरी असतो, सायकली आत, बरोबर चाकांच्या वर.

दुसरा चोर पाणी. आमची ताज्या पाण्याची टाकी १५० लिटरची आणि ॲक्सलच्या दीड मीटर मागे, मागच्या पलंगाखाली. एक लिटर म्हणजे एक किलो. प्रत्येक प्रवासाला आम्ही ती काठोकाठ भरून निघायचो, तेही जिथे पोचल्यावर नळ असतो अशा ठिकाणी. आता वाटेत लागेल तेवढं, वीसेक लिटर ठेवतो. तुमची टाकी कुठे आहे ते खाली वाकून बघा. काही ट्रेलरमध्ये ती पुढे असते, तिथे नेमकं उलटं होतं, भरलेली टाकी मदत करते.

तिसरी गोष्ट, जॅक, अवजारं आणि साखळ्यांची पेटी. ३० किलोची ती पेटी मागच्या कप्प्यात होती, पुढच्या आरपार कप्प्यात हलवली. लिहायला सोपं, पण त्या कप्प्यात आधी बायकोच्या घडीच्या खुर्च्या होत्या. त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही.

पुन्हा काटा केला. ट्रेलर २,३४० किलो, टंग वेट ३००, म्हणजे जेमतेम तेरा टक्के. माझ्या गाडीच्या रिसीव्हरची, म्हणजे हिच जिथे बसते त्या खोबणीची, मर्यादा ३२० किलो, त्यामुळे याच्या पुढे जाण्यात शहाणपण नव्हतं. हा भार गाडीच्या पेलोडमधूनही, म्हणजे गाडी पेलू शकते त्या वजनातूनही, वजा होतो, हिचचं स्वतःचं वजन वेगळं. ब्रॅकेट एक भोक खाली आणले. बार न लावता पुढच्या ॲक्सलवर १,११० आणि मागे १,७४० होते, बार लावल्यावर पुढे १,२००, मागे १,६१०, आणि चाळीस किलो ट्रेलरच्या चाकांवर गेले. पुढचं फेंडर ट्रेलर टेकवल्यावर २.५ सेंटिमीटर उचललं होतं, बार लावल्यावर १.६ परत खाली आलं. ट्रेलर सपाट जमिनीवर किंचित नाक खाली घालून उभा राहतो. नाक वर असलेला ट्रेलर उगाच भटकतो, तेवढं एक बघून ठेवा.

टायरचं थोडक्यात. ट्रेलरच्या टायरमध्ये मी हवा कमी ठेवत होतो, आतलं सामान कमी आदळावं म्हणून. टायरच्या भिंती मऊ पडल्या की ट्रेलर जागच्या जागी आडवा हलतो. आता बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत, थंड असताना भरतो. गाडीच्या मागच्या टायरनाही दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीसाठी दिलाय तितका दाब. आणि वेग ९० च्या वर नाही. खास ट्रेलरसाठीच्या काही टायरची मर्यादा ताशी १०५ किलोमीटरच असते, हे मला टायर बदलायला गेल्यावर कळलं. तोवर मी त्या मर्यादेशी सलगी करत फिरत होतो.

त्यानंतरचे चार महिने आणि साधारण सहा हजार किलोमीटर. डॅशबोर्डवरचा तो दिवा पुन्हा लागलेला नाही. तोच उतार आम्ही दोनदा उतरलो, एकदा वाऱ्यातच. ट्रेलरला धक्का बसतो, तो एकदा अंग हलवतो आणि गप्प होतो. एकदा मुद्दाम सामान नवीन पद्धतीनं ठेवून बार न लावता रिकाम्या रस्त्यावर सत्तरपर्यंत चालवून पाहिलं. पहिल्या प्रवासापेक्षा कितीतरी शांत. तेव्हा खात्री पटली की आजार सामानात होता, हिच ही वरून लावलेली पट्टी होती. अर्थात पट्टी काढून फिरायचा माझा बिलकूल विचार नाही. अचानक चुकवावं लागलं, टायर फुटला, तर ते घर्षण हवंच.

आता हिचच्या तक्रारी, कारण शेवटी अनुभव तिचाच लिहितोय. आवाज. सावकाश वळताना जुन्या वाड्याचं दार उघडावं तशी ती कण्हते, पहाटे निघालात तर आजूबाजूचे सगळे जागे. ब्रॅकेटवर ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नका. तिथलं घर्षणच विकत घेतलंय आपण. ग्रीस बॉलला आणि जिथे पुस्तक सांगतं तिथेच. डोकं जड आहे, चाळीस किलोच्या आसपास, एकट्यानं चढवता उतरवताना कंबर आठवण करून देते. बार खाली लोंबतात, त्यामुळे तीव्र चढाच्या फाटकात शिरताना एकदा टोक घासलं. ब्रॅकेटची एक क्लिप पाचव्या महिन्यात कुठेतरी पडून गेली, तेव्हापासून दोन जादा जवळ ठेवतो. आठ महिन्यांत ब्रॅकेटवर बार घासून बोटाला लागेल अशी खाच पडलीय. ती अपेक्षितच, पण बदलण्याचे भाग मिळायला तीन आठवडे लागले, ते अपेक्षित नव्हतं. रिव्हर्स घेताना मात्र काही काढावं लागत नाही. वेगळा घर्षणाचा दांडा असतो त्यात मागे वळताना तो आधी काढायला सांगतात, त्या मानानं हे सुख आहे.

यापेक्षा वरच्या दर्जाच्या हिच असतात, हेन्सली किंवा प्रोप्राइडसारख्या. त्या घर्षणावर अवलंबून नसतात. जोडकामाच्या रचनेमुळे ट्रेलरचा वळण्याचा बिंदू जणू गाडीच्या मागच्या ॲक्सलकडे पुढे सरकतो. लांब ट्रेलर आणि आखूड गाडी असेल तर तो विचार करावा. माझ्यासारख्यानं मात्र आधी वजनकाट्यावर जावं, मग दुकानात. मी उलट्या क्रमानं गेलो.

चार तारे. एक कापला तो आवाजासाठी आणि त्या तीन आठवड्यांसाठी. शेपूट सावरली त्याचे तारे त्या काट्याला जातात, पण ते द्यायची सोय कुठे नाही.

सायकली आत आणल्यापासून चेनचं काळं तेल पलंगासमोरच्या गालिच्याला लागलंय. ते अजून निघालेलं नाही, आणि तो विषयही अजून मिटलेला नाही.